आजोबांची ‘बेंगाल’: त्या दुपारी काय झालं, आणि नंतरच्या वर्षांत काय

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. तुमचे आजोबा गुहागर तालुक्यातले, दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत स्टोकर, ‘बेंगाल’ नावाच्या माइनस्वीपरवर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या बोटीवर. आजोबांच्या छोट्या बोटीने जपान्यांचं अजस्र जहाज बुडवलं, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. आता एका नातेवाइकाने सांगितलं की ते जहाज खरं तर एका डच टँकरने बुडवलं, ‘बेंगाल’ उलट तिथून निघून गेली. आजोबा १९४६ साली गावी परतले, शेती केली, आणि या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. पेटीत तीन पदकं आणि घडीवर विरलेला एक इंग्रजी कागद आहे. खरं काय, आणि युद्धानंतर त्या बोटीचं काय झालं, हे तुम्हाला हवं आहे.

मी नौदलात चोवीस वर्षं काढली, त्यातली अकरा माइनस्वीपरच्या मागच्या डेकवर, वायर आणि विंचच्या संगतीत. निवृत्त झाल्यावर दापोली-गुहागर पट्ट्यातल्या घरांतले असे जुने कागद वाचून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक, ‘बेंगाल’ने काय केलं. दुसरा, त्यात तुमचे आजोबा कुठे होते. पहिल्याचं उत्तर बरंच ठामपणे देता येतं. दुसऱ्याचं तुमच्या पेटीतल्या कागदावर अवलंबून आहे.

आधी बोट. ‘बेंगाल’ बांधली गेली ऑस्ट्रेलियात, सिडनी बंदरातल्या कॉकाटू बेटाच्या गोदीत. ऑस्ट्रेलियाने युद्धकाळात बाथर्स्ट वर्गाच्या साठ बोटी बांधल्या, त्यातल्या चार हिंदुस्थानच्या नौदलासाठी: बेंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. साधारण १८६ फूट लांब, ३१ फूट रुंद, पूर्ण वेग पंधरा-सोळा नॉट, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल, बोटीवर पाऊणशे ते शंभर माणसं. कागदोपत्री त्या माइनस्वीपर, पण लोक त्यांना कॉर्व्हेट म्हणत, कारण सुरुंग काढायचं काम नसेल तेव्हा त्याच बोटी काफिल्याची राखण करत आणि पाणबुड्यांच्या मागे लागत. म्हणजे एकाच बोटीला तीन कामं, आणि माणसं तेवढीच. ‘बेंगाल’ पाण्यात उतरली २८ मे १९४२ रोजी. त्यानंतर तीनच दिवसांनी जपानच्या बुटक्या पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या, आणि तिची बहीण ‘बॉम्बे’ त्या रात्री त्याच बंदरात होती. ऑगस्टमध्ये ‘बेंगाल’ सेवेत दाखल झाली आणि नोव्हेंबरात घरी यायला निघाली. आजोबा पहिल्यापासून तिच्यावर असतील, तर हिंदुस्थानातून आधी ऑस्ट्रेलियाला गेले असणार. हे ध्यानात ठेवा, कागद वाचताना उपयोगी पडेल.

आता ती दुपार. ११ नोव्हेंबर १९४२. ‘बेंगाल’ ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे चालली होती आणि सोबत ‘ऑन्डिना’ हा डच टँकर होता. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, चारी दिशांना पाण्याखेरीज काही नाही अशा ठिकाणी दोन मोठी जहाजं दिसली. ती ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’. मुळात प्रवासी-मालवाहू जहाजं, जपानी नौदलाने त्यांच्यावर १४० मिलिमीटरच्या तोफा, टॉर्पेडो आणि समुद्री विमानं चढवून व्यापारी जहाजांची शिकार करायला सोडलेली. प्रत्येकी दहा हजार टनांवर, वेग एकवीस नॉटच्या आसपास. ‘बेंगाल’ साडेसहाशे टनांची, आणि तिच्या पुढच्या डेकवर नेमायची ती चार इंची तोफ नव्हतीच. तिच्या जागी बारा पौंडी, म्हणजे तीन इंची तोफ होती. बाकी विमानविरोधी हलक्या तोफा आणि पाणबुड्यांवर टाकायचे डेप्थ चार्ज. ‘ऑन्डिना’वर एक चार इंची तोफ होती, आणि तिला फक्त बत्तीस गोळे.

‘बेंगाल’चे कॅप्टन लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन यांनी टँकरला दूर जायला सांगितलं आणि स्वतःच्या बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, शत्रूकडे वळवली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा क्षण. वेगाचा हिशोब बघा. पंधरा नॉटची बोट एकवीस नॉटच्या जहाजापासून पळू शकत नाही. पळून फक्त वेळ जातो, आणि तोपर्यंत शत्रू आपल्या छोट्या तोफेच्या टप्प्याबाहेर राहून आरामात मारा करतो. जवळ गेलं तरच ती तीन इंची तोफ कामाची. शिवाय समोरून येणारी बोट निशाण्याला अरुंद. आणि तुम्ही जितका वेळ दोघांना स्वतःत गुंतवाल तितका टँकरला मिळतो. हा हिशोब विल्सन यांनी काही मिनिटांत केला, आणि तो बरोबर होता.

‘ऑन्डिना’ मात्र दूर गेली नाही. तिच्या कॅप्टनने, विलेम होर्समान यांनी, तोफ चालवायचं ठरवलं. तोफेवर ऑस्ट्रेलियन नौदलाचा बर्ट हॅमंड आणि त्याचे साथीदार होते. सुरुवातीचे गोळे इकडेतिकडे गेले, मग लागू लागले. एक ‘होकोकू मारू’च्या टॉर्पेडोच्या नळ्यांपाशी बसला, आग लागली, ती विमानाच्या इंधनापर्यंत पोहोचली आणि मोठा स्फोट झाला. जहाज कलंडलं आणि थोड्याच वेळात बुडालं. त्याचा कप्तान इमाझातोही गेला.

उरली ‘आइकोकू मारू’. ‘बेंगाल’चा दारूगोळा संपत आला होता, पुढे-मागे गोळे बसून तिचं नुकसान झालं होतं. विल्सन यांनी धुराच्या आडोशाने माघार घेतली. ‘ऑन्डिना’चेही गोळे संपले. तिच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या जागेवर, गोळा पडून होर्समान ठार झाले, मग टॉर्पेडो बसले, खलाशी बोटींत उतरले, आणि ‘आइकोकू मारू’ने त्या बोटींवर मशिनगन चालवल्या. त्यानंतर आपल्या जोडीदाराची वाचलेली माणसं उचलून ती निघून गेली. बुडतोय असं वाटलेला टँकर मात्र तरंगतच राहिला. खलाशी परत चढले, पाणी आटोक्यात आणलं, यंत्र चालू केलं आणि १८ नोव्हेंबरला जहाज फ्रीमँटलला परत नेलं. ‘बेंगाल’ आदल्या दिवशी दिएगो गार्सियाला पोहोचली होती. तिच्यावरच्या सगळ्यांना वाटत होतं की टँकर गेला. आणि ‘बेंगाल’वर एकही माणूस दगावला नव्हता.

तर, बुडवलं कोणी? उपलब्ध माहितीवरून मी तरी असंच म्हणेन की प्राणघातक गोळा ‘ऑन्डिना’च्या चार इंची तोफेचा होता. तिथवर तुमचे नातेवाईक बरोबर आहेत. आपल्याकडे अनेक वर्षं श्रेय ‘बेंगाल’ला दिलं गेलं, त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. दोन बोटी एकाच लक्ष्यावर गोळे टाकत असताना कुठला कोणाचा हे डेकवरून कळत नाही, आणि दिएगो गार्सियाला पोहोचलेल्या माणसांनी जे पाहिलं होतं तेच प्रामाणिकपणे सांगितलं. पण ‘बेंगाल’ तिथून निघून गेली, हे शब्द मला मान्य नाहीत. गोळे संपलेली बोट शत्रूसमोर उभी करून सगळी माणसं बुडवण्यात टँकरचा काहीच फायदा नव्हता. तोवर तिने दोन शत्रूंपैकी एकाचं लक्ष आपल्याकडे खेचून ठेवलं होतं, आणि हॅमंडच्या तोफेला नेम सापडेपर्यंतचा वेळ त्यातूनच मिळाला. विल्सन यांना यासाठी डीएसओ हा शौर्यसन्मान मिळाला, आणि खलाशांपैकीही काहींना पदकं मिळाली. घरात गोष्ट सांगताना एवढं म्हणा: आजोबांची बोट आधी शत्रूवर चालून गेली, आणि टँकरने नेम साधला. यात दोन्ही बोटींचा मान राहतो आणि एक शब्दही खोटा नाही.

आता आजोबांविषयी. स्टोकर म्हणजे बॉयलर-रूमचा माणूस. या बोटी तेलावर चालत, म्हणजे फावड्याने कोळसा टाकायचा नव्हता, पण बर्नर, तेलाचा दाब, हवा आणि पाण्याची पातळी यांचा मेळ डोळ्यांत तेल घालून सांभाळावा लागे. लढाईत ब्रिजवरून टेलिग्राफची घंटा वाजते आणि वेग बदलायचा एवढंच खाली कळतं. वर कोण आहे, किती जवळ आहे, कोणाचं काय बुडालं, काही दिसत नाही. स्वतःच्या तोफेचा हादरा पत्र्यातून येतो आणि शत्रूचा गोळा जवळ पडला तर तोही पत्र्यातूनच येतो, दोन्हींतला फरक काही वेळाने कान शिकतात. आणि एक गोष्ट: नळकांड्यातून दाट काळा धूर काढायचा असेल तर बॉयलरची हवा कमी करून तेल जास्त सोडावं लागतं. ते काम स्टोकरचं. माघार घेताना त्या धुरातला काही नळकांड्याचा असेल, तर तो बॉयलर-रूममधल्या हातांनी तयार केला. आजोबा त्या दिवशी बोटीवर असतील आणि लढाईविषयी बोलले नसतील, तर त्यामागे एक साधं कारण हेही असू शकतं की त्यांनी लढाई पाहिलीच नव्हती. त्यांनी ती ऐकली होती.

ते त्या दिवशी बोटीवर होते का, हे पदकांवरून ठरत नाही. तीन पदकं म्हणजे बहुधा १९३९–४५ स्टार, बर्मा स्टार आणि वॉर मेडल. कडेवर नाव आहे का बघा, युद्धातल्या हिंदी माणसांच्या पदकांवर बहुधा नाव कोरलेलं सापडतं. बर्मा स्टार नौदलातल्या माणसाला मिळे तो बंगालच्या उपसागराच्या ठरावीक हद्दीत सेवा केल्याबद्दल, आणि ११ नोव्हेंबरची लढाई त्या हद्दीच्या खूप दक्षिणेला झाली. म्हणजे तो स्टार त्या दुपारचा नाहीच. नंतर कधीतरी आजोबा बंगालच्या उपसागरात होते एवढंच तो सांगतो, आणि ती माहितीही मोलाची आहे.

खरा पुरावा तो विरलेला कागद. त्यात एका रकान्यात बोटीचं नाव आणि शेजारी ‘पासून–पर्यंत’ तारखा असतात. ‘बेंगाल’समोर पहिली तारीख ऑगस्ट ते ऑक्टोबर १९४२ मधली असेल तर ते सिडनीहून तिच्याबरोबर आले, आणि लढाईत होते. तारीख १९४३ किंवा पुढची असेल तर नव्हते. इथे एक चूक मी जवळजवळ प्रत्येक घरात पाहिली आहे. रकान्यात आलेलं प्रत्येक नाव बोटीचं नसतं. नौदलात किनाऱ्यावरच्या तळांनाही बोटीसारखीच नावं असतात. ‘डलहौसी’ म्हणजे मुंबईच्या फोर्टमधली कॅसल बराक्स, आजचं आंग्रे. ‘शिवाजी’ म्हणजे लोणावळ्याचं यांत्रिकी प्रशिक्षण केंद्र, आणि ते सुरूच झालं फेब्रुवारी १९४५ मध्ये. ‘तलवार’ म्हणजे कुलाब्याची सिग्नल शाळा. ‘हिमालया’ कराचीची तोफखाना शाळा. एका घरी मला अभिमानाने सांगितलं होतं, आमचे पणजोबा ‘हिमालया’ नावाच्या युद्धनौकेवर दोन वर्षं होते. त्यांचा मान कमी झाला नाही, पण ते दोन वर्षं कराचीत तोफ शिकत होते हे कळल्यावर पुढच्या सगळ्या तारखांचा अर्थ लागला. कागद वाचता येत नसेल तर मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे, आजोबांचा क्रमांक देऊन, लेखी अर्ज करा. क्रमांक कागदाच्या अगदी वर असतो.

इथवरचा हिशोब असा: बोट लढली हे नक्की, जहाज टँकरच्या गोळ्याने बुडालं हे जवळजवळ नक्की, आजोबा होते की नव्हते हे तारखेवर. पण मला सांगावंसं वाटतं ते यापुढचं. त्या दुपारची लढाई दोन-तीन तासांची. ‘बेंगाल’ची सेवा अठरा वर्षांची.

१९४२ ते १९४५ ती हिंदी महासागरात काफिल्यांबरोबर फिरत होती, आफ्रिका, हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया अशा वाटांवर. हे काम कंटाळ्याचं आणि शरीर मोडणारं. दहा-बारा व्यापारी जहाजं आठ नॉटने चालली आहेत आणि छोटी बोट त्यांच्याभोवती नागमोडी फिरते आहे, पावसाळ्यात तर अशी बोट एका लाटेवरून दुसरीवर पडतच जाते. त्याबद्दल पुस्तकांत ओळ-दोन ओळी. आणि मग सुरुंग.

सुरुंग काढणं म्हणजे नेमकं काय, ते कोकणातल्या माणसाला पटकन समजतं. ट्रॉलरच्या जाळ्याचं तोंड उघडं ठेवायला दोन्ही बाजूंना फळ्या असतात, त्या पाण्याच्या दाबाने बाहेर खेचल्या जातात. आमचं जुनं स्वीप तसंच. बोटीच्या मागून लांब पोलादी वायर सोडायची, तिच्या टोकाला फ्लोट, फ्लोटखाली फळीसारखा ऑटर तिला बाहेर खेचतो, आणि बोटीजवळ काइट तिला ठरावीक खोलीवर दाबून धरतो. जुन्या प्रकारचा सुरुंग म्हणजे तळाला वजन आणि त्याला दोरखंडाने बांधलेला, पाण्याखाली लपलेला गोळा. वायर त्या दोरखंडाला घासते, कटर तो तोडतो, गोळा वर येतो, मग बंदुकीने फोडायचा किंवा बुडवायचा. या पद्धतीला ओरोपेसा म्हणतात, जिच्यावर ती तयार झाली त्या ब्रिटिश ट्रॉलरच्या नावावरून. बोटी तिरप्या रांगेत चालतात, म्हणजे पहिलीच्या वायरने साफ केलेल्या पाण्यात दुसरी, दुसरीच्या पाण्यात तिसरी. पहिलीच्या पुढे कोणीच नसतं.

दुसरा प्रकार अधिक वाईट. चुंबकीय सुरुंग तळाशी पडून असतो, दोरखंड नाही, तोडायचं काही नाही. वरून जाणाऱ्या पोलादाचं चुंबकत्व त्याला जागं करतं. त्यासाठी दोन बोटी शेजारी-शेजारी चालतात, मागे पाण्यावर तरंगणाऱ्या जाड केबल सोडतात आणि त्यांतून विजेचे ठोके देतात, म्हणजे सुरुंगाला वाटतं मोठं जहाज चाललं, आणि तो मागे कुठेतरी फुटतो. आवाजावर फुटणाऱ्या सुरुंगांसाठी पाण्यात ठोके देणारं हातोडा-यंत्र. यात एक खोडी अशी की काही सुरुंगांत मोजणी असते. पहिल्या पाच वेळा गप्प, सहाव्या वेळी फुटायचा. म्हणून एकाच पट्ट्यावरून आठ-आठ, दहा-दहा फेऱ्या. नऊ फेऱ्या काही झालं नाही याचा अर्थ दहावीला काही होणार नाही असा होत नाही. मी सरावात हे वर्षानुवर्षं केलं आहे, जिवंत सुरुंग नसतानाही सातव्या-आठव्या फेरीला डेकवरचं बोलणं आपोआप थांबतं.

इथे आजोबांची गोष्ट पुन्हा येते. स्वीप चालू असताना नियम असा की ज्याची खाली गरज नाही त्याने वर यायचं. कारण सुरुंग फुटला तर तो खालूनच बोटीचा तळ फाडतो. लाइफजॅकेट घालून सगळे वर. पण यंत्र थांबवता येत नाही, उलट वेग अगदी एकसारखा ठेवावा लागतो, नाहीतर वायर खाली बसते किंवा रांग मोडते. तो एकसारखा वेग खालची माणसं देतात. म्हणजे पूर्ण बोटीत सर्वांत धोक्याच्या जागी, मुद्दाम, तासन्‌तास उभे राहणारे ते स्टोकर आणि इंजिनवाले. आमच्या वेळी वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपून वर आलेल्या इंजिनरूमच्या माणसाला आधी चहा द्यायचा, मग बाकीच्यांनी घ्यायचा, असा न लिहिलेला रिवाज होता.

युद्ध संपलं तेव्हा हे काम संपलं नाही, वाढलं. रंगूनची नदी, मलाक्काची सामुद्रधुनी, सिंगापूरच्या वाटा, सगळीकडे सुरुंग पडलेले. त्यातले पुष्कळ मित्रराष्ट्रांच्याच विमानांनी जपानी बंदरं बंद करायला टाकलेले होते. १९४५ मध्ये हिंदुस्थानच्या माइनस्वीपरही या सफाईत उतरल्या. शरणागतीच्या कागदांवर टोकियोच्या उपसागरात सह्या झाल्या, पण पाण्यातल्या सुरुंगाला शरणागती कळत नाही. ‘बेंगाल’च्याच वर्गातली ऑस्ट्रेलियाची ‘वॉर्नम्बूल’ १३ सप्टेंबर १९४७ रोजी, युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर, क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ स्वतःच्याच देशाने पेरलेले सुरुंग काढताना बुडाली. चार माणसं गेली. युद्धोत्तर सफाईसाठी ब्रिटिशांनी नौदल पदकावर ‘माइनस्वीपिंग १९४५–५१’ अशी वेगळी पट्टीच काढली. तुमच्या तीन पदकांपैकी एखाद्याच्या फितीवर आडवी धातूची पट्टी असेल तर तिच्यावरची अक्षरं भिंगातून वाचा.

१९४६ विषयी जपून बोलतो, कारण इथे परिस्थितीवर फार अवलंबून आहे. १९३९ मध्ये आपल्या नौदलात जेमतेम पावणेदोन हजार खलाशी होते, युद्धाअखेर पंचवीस हजारांच्या वर. युद्ध संपल्यावर त्यातले बहुतेक घरी पाठवायचेच होते, त्यामुळे १९४६ ला परतणं ही अगदी सर्वसाधारण गोष्ट. पण १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’वरून नाविकांचं बंड सुरू झालं. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांची वागणूक, पगारातला भेद, आणि त्यापलीकडे देशाचं वारं. बंदरातल्या बोटी आणि किनाऱ्यावरचे तळ त्यात सामील झाले, २३ फेब्रुवारीला ते मागे घेतलं गेलं, आणि नंतर शेकडो नाविकांना काढून टाकलं. कागदावर सेवा संपण्याचं कारण लिहिलेलं असतं. मुदत संपली किंवा नौदल कमी केलं अशा अर्थाचं असेल तर काही नाही. ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’, म्हणजे आता सेवेची गरज नाही, असं असेल आणि तारीख मार्चनंतरची असेल, तर तो धागा पुढे तपासण्यासारखा आहे. त्या शब्दांनी पुष्कळ घरांत उगाच लाज बसली. पुढे स्वतंत्र भारताने त्या नाविकांपैकी अनेकांना स्वातंत्र्यसैनिक मानलं. कागदात ते निघालं आणि आजोबांच्या न बोलण्याचं कारण ते असेल, तर घरच्यांना आवर्जून सांगा.

बोट मात्र थांबली नाही. फाळणीत नौदलही वाटलं गेलं. बारा माइनस्वीपर भारताकडे राहिल्या, त्यात ‘बेंगाल’, ‘बॉम्बे’, ‘मद्रास’ आणि स्कॉटलंडात बांधलेली ‘कोकण’ही होती. होय, आपल्या कोकणच्या नावाची. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४७ मध्ये जुनागढ प्रकरणात काठियावाडच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवलं, त्या ताफ्यात माइनस्वीपरही होत्या. २६ जानेवारी १९५० पासून नावापुढचं ‘एचएमआयएस’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) जाऊन ‘आयएनएस’ आलं. ‘बेंगाल’ त्यानंतर दहा वर्षं नौदलात राहिली आणि १९६० मध्ये भंगारात गेली. तोवर सुरुंगांवरचं उत्तर बदललं होतं. चुंबकीय सुरुंगांपुढे पोलादी बोट म्हणजे स्वतःच आमिष, म्हणून १९५६ मध्ये ‘कारवार’, ‘काकीनाडा’, ‘कन्ननूर’, ‘कडलोर’ या लाकडी बोटी घेतल्या गेल्या होत्या, आणि त्यांतल्या काही १९६१ च्या गोवा मुक्तीच्या कारवाईतही होत्या. ‘कोकण’ हे नाव पुढे सोव्हिएत बनावटीच्या एका माइनस्वीपरला मिळालं, त्या वर्गातली शेवटची बोट २०१९ मध्ये निवृत्त झाली. त्यानंतर आपल्या नौदलाकडे माइनस्वीपर उरलेल्याच नाहीत, एवढा मोठा किनारा असताना, आणि याची मला मनापासून काळजी वाटते. सुरुंग हे समुद्रातलं सर्वांत स्वस्त हत्यार आहे, आणि तो काढायला शिकलेली माणसं एका वर्षात तयार होत नाहीत.

त्या दुपारच्या बाकीच्या दोघांचंही सांगून ठेवतो. ‘आइकोकू मारू’ फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकन विमानांनी पॅसिफिकमधल्या ट्रुक बेटांत बुडवली, आज पाणबुडे तिथे तिचा सांगाडा पाहायला उतरतात. ‘ऑन्डिना’ दुरुस्त होऊन पुन्हा तेल वाहू लागली आणि १९५९ मध्ये मोडीत निघाली.

‘बेंगाल’चा एक पत्राही आपल्याकडे उरलेला नाही. पण तिची सख्खी बहीण आहे. मेलबर्नजवळ विल्यम्सटाउनला ‘कॅसलमेन’ नावाची बाथर्स्ट वर्गातली बोट संग्रहालय म्हणून जपली आहे, तीच मापं, तीच यंत्रं. मेलबर्नमध्ये मराठी माणसं भरपूर आहेत, तुमच्या नात्यात किंवा ओळखीत कोणी असेलच. त्यांना सांगा, डेकवर वेळ घालवू नका, आधी खाली बॉयलर-रूममध्ये जा, बर्नरसमोर उभं राहा आणि वरचं झाकण बंद असल्याचं मनात आणा. आणि तुम्ही त्या कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घडी पुन्हा घालू नका, दोन जाड पुठ्ठ्यांत सपाट ठेवा. ‘बेंगाल’समोरची पहिली तारीख काय आहे, तेवढं आधी कळवा.